‘मी करून देतो’ : आमदारकीच्या उमेदवाराची आश्वासनं कशी तपासायची

प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात दारात पडलेलं पत्रक सहसा रद्दीत जातं. एकदा ते पंखा लावून निवांत वाचा. वर फोटो, खाली चिन्ह आणि मधे दहा-बारा ओळी: गावाला चोवीस तास पाणी, ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय, वस्तीपर्यंत डांबरी रस्ता, सोयाबीनला सहा हजार भाव, बंदिस्त गटारं, शेतीला दिवसा वीज, एक्स्प्रेसला थांबा. सगळ्या ओळी एकाच टाइपात छापलेल्या असल्यामुळे सगळ्यांचं वजन सारखंच वाटतं. पण गटार ग्रामपंचायतीचं, वस्तीचा रस्ता जिल्हा परिषदेचा, रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं, सोयाबीनचा हमीभाव दिल्लीचा, विजेचा दर नियामक आयोगाचा आणि थांबा रेल्वे मंत्रालयाचा. उमेदवार मात्र सगळीकडे ‘करून देतो’ एवढंच क्रियापद वापरतो.

म्हणून पत्रकातल्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न लावायचे. हे काम कोणाच्या अखत्यारीतलं? पैसा कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कुठल्या खात्यातून, येणार? आणि आज त्याची फाइल कुठल्या टप्प्यावर आहे? पत्रक पुन्हा तेच वाचलं तरी या प्रश्नांनंतर ते वेगळं दिसायला लागतं.

आधी रस्ता कोणाचा ते बघा

सगळ्यात जास्त आश्वासनं रस्त्यांची असतात, आणि सगळ्यात जास्त गोंधळही तिथेच. आपल्याकडे रस्त्यांची उतरंड ठरलेली आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. राज्यमार्ग (रामा) आणि प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग (इजिमा) आणि ग्रामीण मार्ग (ग्रामा) जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. गावातल्या आळीचा रस्ता ग्रामपंचायतीचा, शहरात नगरपरिषदेचा किंवा महापालिकेचा. पूर्वी कडेच्या मैलाच्या दगडावरूनही ओळख पटायची: डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. आता बऱ्याच ठिकाणी दगडच राहिलेले नाहीत, पण उपविभागीय अभियंत्याच्या कार्यालयात तालुक्याचा रस्ते नकाशा असतो आणि त्यात प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो.

हा क्रमांक फार कामाचा. ‘वस्तीचा रस्ता’ म्हणून आश्वासन दिलेला रस्ता पुष्कळदा कुठल्याच यादीत नसतो. तो पाणंद असतो, नाहीतर कोणाच्या तरी बांधावरून पडलेली वहिवाट. क्रमांक नसलेल्या रस्त्यावर बांधकाम विभाग पैसा टाकू शकत नाही. आधी त्याला ग्रामीण मार्गाचा दर्जा मिळावा लागतो, त्याआधी जमिनीचा प्रश्न सुटावा लागतो आणि मग कुठे खडी पडते. उमेदवाराला ‘हा रस्ता ग्रामा क्रमांक किती?’ असं विचारलंत तर निम्म्या सभांमध्ये व्यासपीठावरून खालच्या कार्यकर्त्याकडे नजर जाईल. उत्तर लगेच आलं नाही तर लगेच दोष देऊ नका. पण दोन दिवसांनी तरी ते यायला हवं.

आमदाराच्या हातात खरंच किती पैसा असतो

आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. पाच वर्षांचे २५ कोटी. ऐकायला भरपूर वाटतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३७ हजार मतदार. २५ कोटी त्यांच्यात वाटले तर पाच वर्षांत माणशी साधारण ७४० रुपये होतात, वर्षाला दीडशेच्या आत. या निधीतून सभामंडप होतो, गावातला सिमेंटचा तुकडा होतो, शाळेची संरक्षक भिंत होते, हायमास्ट दिवा लागतो. रुग्णालय होत नाही, धरण तर नाहीच.

शिवाय हा निधी आमदाराच्या खात्यात येत नाही. तो कामाची शिफारस करतो. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात, कागदपत्रं जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडून फिरतात आणि काम बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा नगरपरिषद करते. ‘आमच्या आमदारांनी स्वतःच्या निधीतून दिलं’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं. निधी सरकारचा, शिफारस त्यांची.

याखेरीज दुसरा एक पैसा असतो, ज्याला ग्रामीण भागातले सगळे कार्यकर्ते ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात. हे ग्रामविकास विभागाचं लेखाशीर्ष २५१५. लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांसाठी त्यातून पैसा मिळतो. आमदार निधी सगळ्यांना सारखा असतो, पंचवीस-पंधराचं तसं नाही. कोणाला किती द्यायचा ते मंत्रालयात ठरतं, आणि सत्तेतल्यांना झुकतं माप मिळतं ही तक्रार त्या त्या वेळचे विरोधक करत आले आहेत. उमेदवार ‘निधी खेचून आणला’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा याच्याबद्दल, नाहीतर रस्त्यांच्या ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांबद्दल बोलत असतो. पहिलं रस्ते-पूल दुरुस्तीचं, दुसरं नव्या भांडवली कामांचं.

मोठी कामं अर्थसंकल्पातच यावी लागतात. मार्चच्या अर्थसंकल्पात नाही आली तर पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत. आणि इथे एक गोष्ट फार कमी मतदारांना माहीत असते. संविधानाच्या अनुच्छेद २०३ नुसार अनुदानाची मागणी फक्त राज्यपालांच्या शिफारशीने, म्हणजे प्रत्यक्षात सरकारकडूनच, मांडता येते. विधानसभा ती मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. त्यामुळे आमदाराला कपात सूचना देता येते, वाढीची सूचना नाही. राज्याच्या तिजोरीतून खर्च होणारं अशासकीय विधेयकसुद्धा राज्यपालांच्या शिफारशीशिवाय पुढे सरकत नाही. ‘मी विधानसभेत कायदा करून तुम्हाला अमुक हजार रुपये देईन’ असं एकटा आमदार म्हणतो, तेव्हा तो मंत्रिमंडळाच्या वतीने बोलत असतो, आणि मंत्रिमंडळ अजून बनलेलंही नसतं.

भूमिपूजनाचा नारळ आणि त्याच्या आधीचे कागद

एका साध्या रस्त्याचा प्रवास असा असतो. आमदाराचं किंवा ग्रामपंचायतीचं मागणीपत्र जातं. शाखा अभियंता जागेवर जाऊन लांबी-रुंदी मोजतो आणि बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून अंदाजपत्रक बनवतो. काम अर्थसंकल्पात किंवा एखाद्या शासन निर्णयाच्या यादीत येतं. मग प्रशासकीय मान्यता, म्हणजे ‘हे काम करायचं आणि एवढ्या रकमेत’ याला होकार. त्यानंतर तांत्रिक मान्यता, म्हणजे आराखडा आणि थर-जाडी बरोबर आहे यावर वरच्या अभियंत्याची सही. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर दोषदायित्व कालावधी: त्या मुदतीत खड्डा पडला तर तो ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा.

यात अडतं कुठे? सगळ्यात आधी तरतुदीत. काम अर्थसंकल्पात येतं, पण त्याच्यापुढे नाममात्र रक्कम असते. तिला टोकन तरतूद म्हणतात. तीन कोटींच्या कामाला त्या वर्षी पाच-दहा लाख. यादीत नाव आलं म्हणून गावात फटाके वाजतात, आणि ठेकेदार मात्र हिशेब घालतो की बिल कधी निघणार. बिलं तुंबली की तो खडी टाकून निघून जातो. खडीवरून दुचाक्या घसरायला लागतात आणि गावकरी म्हणतात की यापेक्षा जुना रस्ता बरा होता.

दुसरी अडचण भूसंपादनाची आणि वनजमिनीची. पुलाचे दोन्ही खांब उभे, पण जोडरस्त्याची जागा ताब्यात नाही, असे पूल जिल्ह्याजिल्ह्यात दिसतात. तिसरी अडचण जमिनीखालची. शहरात रस्ता काँक्रीटचा होतो आणि दोन महिन्यांत जलवाहिनीसाठी फोडला जातो, कारण अंदाजपत्रकात नळ, केबल, ड्रेनेज हलवायचा खर्च धरलेलाच नसतो. चौथी खोड म्हणजे कामाचे तुकडे पाडणं: एकाच रस्त्याची चार छोटी कामं दाखवायची, म्हणजे प्रत्येक काम ई-निविदेच्या मर्यादेखाली राहतं. मोजमापपुस्तिकेत तो रस्ता चार नावांनी सापडतो, जमिनीवर एकच.

आता नारळ. भूमिपूजन या साखळीत कुठेच बसत नाही, त्यामुळे ते कधीही करता येतं. प्रशासकीय मान्यतेनंतर होतं, निविदेआधीही होतं आणि आचारसंहितेच्या आदल्या दिवशी तर हमखास. २०२४ ला १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, त्याआधीच्या पंधरवड्यात राज्यभर कोनशिलांचा पाऊस पडला होता. आचारसंहितेचा नियम असा की ज्या कामाला कार्यारंभ आदेश मिळाला आहे पण जागेवर प्रत्यक्ष सुरुवात झालेली नाही, ते सुरू करता येत नाही. जे जागेवर सुरू आहे ते चालू राहतं. म्हणून कोनशिलेवरची तारीख वाचण्यापेक्षा कार्यारंभ आदेशाची तारीख विचारा. तो कागद असेल तर काम जिवंत आहे. नसेल तर जे झालं ते फक्त पूजन.

रुग्णालयाचं उदाहरण जवळून

‘ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय करणार’ हे आश्वासन तालुक्याच्या गावी हमखास मिळतं, आणि ते आमदाराच्या आवाक्यातलं आहे. आरोग्य हा राज्यसूचीतला विषय. म्हणून या आश्वासनाला हसायचं कारण नाही. ते नीट सोलून मात्र बघायला हवं.

ग्रामीण रुग्णालय सहसा ३० खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं. या बदलाला श्रेणीवर्धन म्हणतात. पहिला कागद आरोग्य खात्याच्या मंजुरीचा, त्यात राज्याच्या आरोग्य संस्थांच्या बृहत् आराखड्यात हे रुग्णालय बसतं का ते पाहिलं जातं. दुसरा इमारतीचा: जागा, नकाशा, बांधकाम विभागाचं अंदाजपत्रक. तिसरा आणि खरा अडवणारा कागद पदनिर्मितीचा. वाढीव खाटांना वाढीव माणसं लागतात, त्यांचा आकृतिबंध, म्हणजे कोणती पदं किती, तो ठरावा लागतो आणि त्याला वित्त विभागाची मान्यता लागते. पगाराचा बोजा कायमचा असल्यामुळे वित्त विभाग इमारतीला जेवढ्या सहज हो म्हणतो तेवढ्या सहज पदांना म्हणत नाही. चौथा कागद यंत्रसामग्रीचा, पाचवा वीजजोडणी आणि अग्निसुरक्षेचा.

परिणाम असा होतो की इमारत उभी राहते, रंग लागतो, फीत कापली जाते आणि आत जुनाच ३० खाटांचा कर्मचारीवर्ग दोन मजले सांभाळतो. सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ पुरत नाही. भूलतज्ज्ञ लागतो, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ लागतो, रक्तसाठवण केंद्र लागतं. या चौघांतला एक नसला की बाईला १०८ मध्ये घालून जिल्ह्याच्या गावी पाठवतात, मग दारावर पाटी उपजिल्हा रुग्णालयाची असली तरी. म्हणून उमेदवाराला ‘इमारत कधी?’ हे विचारण्याआधी ‘पदनिर्मितीचा शासन निर्णय झालाय का, आणि भूलतज्ज्ञाचं पद भरलंय का?’ हे विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणीही देईल. दुसऱ्याचं उत्तर ज्याने फाइल बघितली आहे तोच देईल.

पाणी: टाकी सोपी, उद्भव अवघड

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. ग्रामीण घरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे त्याचं गणित. दोन हजार वस्तीच्या गावाला रोज १ लाख १० हजार लिटर. आपल्या राज्यात यात केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा. योजना राबवतात जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग आणि मोठ्या प्रादेशिक योजनांसाठी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. आमदाराची भूमिका पाठपुराव्याची.

चूक कुठे होते ते योजनेच्या फलकाशेजारी उभं राहिलं की दिसतं. टाकी असते, गल्लीत निळा पाइप असतो, दारात तोटी असते. नसतो तो उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत. ज्या विहिरीतून पाणी उचलायचं ती एप्रिलमध्ये तळ दाखवते. अंदाजपत्रक पावसाळ्यानंतरच्या पाण्यावर केलेलं, टंचाई उन्हाळ्यातली. विहीर टिकलीच तर पंपाचं वीजबिल कोणी भरायचं हा प्रश्न येतो. ते ग्रामपंचायतीने पाणीपट्टीतून भरायचं असतं, आणि पट्टी वसूल होत नाही. बिल थकलं की महावितरण वीज तोडतं. म्हणून ‘चोवीस तास पाणी’ म्हणणाऱ्याला उद्भव कोणता, उन्हाळ्यात त्याला किती पाणी, आणि पंपाचं बिल कोण भरणार, हे तीन प्रश्न एका दमात विचारायचे.

शेतीच्या पाण्यात मात्र आमदाराला थेट बसायची जागा आहे. ती म्हणजे कालवा सल्लागार समिती. १५ ऑक्टोबरचा धरणसाठा धरून रब्बी आणि उन्हाळी आवर्तनं (कालव्यातून पाणी सोडण्याच्या पाळ्या) किती, पिण्याला किती, उद्योगाला किती यावर तिथे बोलणं होतं. शेवटच्या वितरिकेपर्यंत, म्हणजे टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचतं की नाही यावर तिथलीच भांडणं सगळ्यात खरी. विद्यमान आमदार पुन्हा उभा असेल तर गेल्या पाच वर्षांतल्या या बैठकांचं इतिवृत्त मागा. तिथे तो काय बोलला ते त्यात सापडेल, आणि गप्प बसला असेल तर तेही कळेल.

पाण्यावर पक्षाचं मत कळतं आणि उमेदवाराचं कळत नाही, याला गोदावरी खोऱ्यासारखं उदाहरण नाही. १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आलेला निकष. समन्यायी वाटपाचं तत्त्व महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधलं. २०२३ च्या टंचाईत वरून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले तेव्हा वरच्या भागातले नेते विरोधात आणि मराठवाड्यातले बाजूने उभे राहिले, आणि दोन्हीकडे सगळ्याच पक्षांचे लोक होते. एकाच चिन्हावरचा उमेदवार कोपरगावात एक बोलतो आणि पैठणला दुसरं. राज्याच्या जाहीरनाम्यात यावर गुळगुळीत वाक्य असतं, त्यामुळे इथे जाहीरनामा वाचून काही हाती लागत नाही. उमेदवारालाच विचारावं लागतं, आणि शक्य असेल तर शेजारच्या जिल्ह्यातल्या त्याच पक्षाच्या उमेदवाराची सभाही ऐकावी लागते.

जे आमदाराच्या हातात नाही

सोयाबीनचा हमीभाव कृषिमूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रीय मंत्रिमंडळ ठरवतं. २०२४-२५ च्या हंगामाला तो क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि प्रचाराच्या दिवसांत बाजार समित्यांत भाव त्याच्याही खाली होते. एकीकडून ६,००० चं आश्वासन आलं, दुसरीकडून ७,००० चं. राज्य हमीभाव वाढवू शकत नाही. फरक स्वतःच्या तिजोरीतून देऊ शकतं. ६,००० आणि ४,८९२ मधला फरक १,१०८ रुपये, म्हणजे दर एक कोटी क्विंटलमागे १,१०८ कोटी. हे आकडे सांगून आश्वासन दिलं असतं तर ते आश्वासन झालं असतं. त्याच काळात शेतकऱ्याला खरा अडथळा होता खरेदी केंद्रावरच्या १२ टक्के ओलाव्याच्या अटीचा, आणि ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली तीही केंद्रानेच.

विजेचंही तसंच. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर वीज अधिनियम २००३ च्या कलम ६५ प्रमाणे ती रक्कम आगाऊ भरावी लागते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा २०२४ चा निर्णय याच वाटेने झाला: वीज फुकट झाली नाही, बिल तिजोरीकडे वळलं. रेल्वेच्या थांब्यावर पत्र लिहिणं एवढंच आमदाराला शक्य. कांद्याच्या निर्यातीवरही तेवढंच.

‘राज्याचं’ आणि ‘पालिकेचं’ यांची सरमिसळ झाली की काय होतं हे मुंबईकरांनी पाहिलेलं आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, हे आश्वासन २०१७ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने दिलं. पण पालिकेला तो कर स्वतःहून माफ करता येत नव्हता, कायदा राज्याचा. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला तो फक्त सर्वसाधारण करापुरता, बाकीचे घटक तसेच राहिले, आणि लोकांना बिलं येतच राहिली. ‘माफ झालं ना?’ म्हणून वॉर्ड ऑफिसात रांगा लागल्या. संपूर्ण माफीचा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये आला. आश्वासनातला ‘मालमत्ता कर’ आणि कायद्यातला ‘सर्वसाधारण कर’ यांच्यातल्या फरकाला पाच वर्षं लागली.

शहरांत गेल्या काही वर्षांत गुंता आणखी वाढला. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होते. नगरसेवकच नाही म्हटल्यावर तुंबलेल्या गटारापासून भटक्या कुत्र्यांपर्यंत सगळं आमदाराच्या कार्यालयात यायला लागलं. आमदारांनीही ते हौसेने घेतलं. केवळ आमदार म्हणून महापालिकेच्या सभेत त्याला मत नसतं, पण आयुक्ताला फोन केला की काम होतं अशी सवय दोघांनाही लागली. याचा तोटा असा की विकास आराखडा, आरक्षणं, झोपडपट्टी पुनर्वसनाचे नियम, अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) या खरोखर राज्याच्या हातातल्या विषयांवर उमेदवाराला कोणी प्रश्नच विचारत नाही. गटाराच्या झाकणावरच सभा संपते.

पक्षादेश आणि ‘माझं वैयक्तिक मत’

‘या प्रकल्पाला माझा वैयक्तिक विरोध आहे’ असं उमेदवार स्थानिक सभेत म्हणतो तेव्हा संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आठवावी. १९८५ पासून पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मतदान केलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणजे विधेयकावर मतदान झालं तर वैयक्तिक मत बाहेर ठेवावं लागतं. मात्र बोलण्यावर तेवढी बंदी नाही. तारांकित प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी सूचना देता येते, औचित्याचा मुद्दा मांडता येतो, समितीत भांडता येतं. लक्षवेधी लागली की मंत्र्याला सभागृहात निवेदन करावं लागतं, आणि मंत्र्याने तिथे आश्वासन दिलं तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातं. मतदारसंघातल्या एखाद्या अडलेल्या फाइलीला याहून चांगला धक्का दुसरा नाही. अडचण वेळेची. २०२४ चं नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर एवढंच होतं. तेवढ्यात २८८ जणांना काय काय विचारता येणार?

म्हणून ‘विरोध आहे’ या वाक्यापुढे ‘मग सभागृहात काय कराल, आणि पक्षादेश उलटा निघाला तर?’ एवढं जोडा. प्रामाणिक उमेदवार इथे थोडा थांबतो. आम्हाला तो थांबलेला उमेदवार लगेच ‘राजीनामा तोंडावर फेकीन’ म्हणणाऱ्यापेक्षा बरा वाटतो.

तपासायला काय काय हाताशी आहे

निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक उमेदवाराचं नमुना २६ मधलं प्रतिज्ञापत्र असतं. लोक त्यातली मालमत्ता आणि गुन्हे बघतात, ते ठीकच. पण स्थानिक प्रश्नांसाठी एक वेगळा भाग वाचा: उमेदवार, त्याची बायको किंवा नवरा, अवलंबून असलेले लोक आणि त्यांची भागीदारी असलेल्या संस्था यांचे सरकारशी असलेले करार. वाळू, डांबर, शालेय पोषण आहार, टँकर. रस्त्यांवर तावातावाने बोलणाऱ्याचं घरच रस्त्यांच्या ठेक्यात असेल तर ते मतदाराला माहीत असावं. प्रतिज्ञापत्रात खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

जाहीरनाम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर आयोगाने आचारसंहितेत भर घातली: आश्वासनामागचं कारण आणि पैसा कुठून येणार हे पक्षांनी ढोबळ का होईना सांगावं. ते सांगितलेलं क्वचित दिसतं. तुम्ही स्वतः करायचा हिशेब मात्र शाळकरी आहे. लाडक्या बहिणीचे १,५०० चे २,१०० करायचे तर फरक ६०० चा, वर्षाला ७,२००. लाभार्थी दोन कोटी धरल्या तर १४,४०० कोटी जादा. हा आकडा चूक की बरोबर यावर भांडता येईल, पण आकडाच न देणाऱ्याशी भांडणार तरी कसं?

शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर विभागवार मिळतात. प्रत्येकाला अठरा अंकी संकेतांक असतो आणि त्याची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवस यांनी होते. उमेदवाराने ‘जीआर निघालाय’ म्हटलं की संकेतांक मागा. जीआरच्या शेवटी जोडलेल्या विवरणपत्रात आपल्या गावाचं नाव आणि रक्कम आहे का ते बघा. मुख्य मजकूर वाचून काही कळत नाही, सगळा जीव त्या तक्त्यात असतो.

आणि विद्यमान आमदार पुन्हा मत मागत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज निवडणुकीच्या तीन-चार महिने आधीच टाकून ठेवा, कारण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते आणि पहिलं अपील करावं लागलं तर आणखी वेळ जातो. अर्ज ‘नमुना अ’ मध्ये, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जनमाहिती अधिकारी, जिल्हा नियोजन अधिकारी यांच्या नावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत आणि विषय एकच. ‘आमदारांनी काय कामं केली’ असं लिहिलंत तर ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची’ म्हणून अर्ज फेटाळला जाईल. असं लिहा: ‘अमुक विधानसभा मतदारसंघातील आमदार स्थानिक विकास निधीतून अमुक ते अमुक आर्थिक वर्षांत मंजूर झालेल्या कामांची यादी: कामाचे नाव व ठिकाण, प्रशासकीय मान्यतेचा दिनांक व रक्कम, कार्यान्वयन यंत्रणा, कार्यारंभ आदेशाचा दिनांक, आजअखेर खर्च, कामाची सद्यस्थिती.’ यादी आली की शेवटच्या रकान्यात ‘पूर्ण’ लिहिलेली कामं वेगळी काढा आणि एका रविवारी दुचाकीवरून ती पाहून या. सभामंडप सापडेल. पेव्हर ब्लॉक मोजायला टेप सोबत ठेवा.